मौन सुटल्यावर

त्यांनी पापड बंद केला तेव्हा आमचं पहिलं भांडण झालं. भांडण म्हणजे भांडले मी एकटीच, सिस्टर नुसत्या ऐकत होत्या. माझा भाता रिकामा झाल्यावर त्या म्हणाल्या, "एका खोलीत तीस-चाळीस माणसं एकदम पापड मोडतात तेव्हा काय आवाज होतो, ते तुम्ही कधी डोळे मिटून ऐकलंय का, बाई?" मी म्हटलं, "नाही ऐकलं. मी त्या वेळी पापड खात असते." त्यावर त्या हसल्या, पण पापड बंद झाला तो झालाच. त्याच्या मागोमाग भाजलेले शेंगदाणे गेले, मग काकडी गेली. स्टीलची ताटं जाऊन जाड प्लॅस्टिकची आली. खुर्च्यांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले गेले, आणि ते बांधले कोणी, तर सिस्टरांनीच, जमिनीवर मांडी घालून, चष्मा कपाळावर ढकलून.

तिसगावच्या पुढं आमचं ते घर होतं. पाटीवर एका संताचं नाव होतं, पण वस्तीवरची माणसं त्याला 'मुक्यांचा बंगला' म्हणायची आणि सिस्टरांना 'मुकी सिस्टर'. कॅथलिक सिस्टर, फादर, कधीकधी संसारी नवराबायकोसुद्धा तिथं आठ-आठ दिवस येऊन राहायचे आणि तेवढ्या दिवसांत तोंडातून शब्द काढायचे नाहीत. याला ते रिट्रीट म्हणतात. सिस्टर त्या घराच्या प्रमुख होत्या.

मी त्यांच्यातली नव्हे. आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्या मंडळीत देवाशी बोलायचं म्हणजे पेटी, ढोलकी आणि लांबलचक प्रार्थना. पाळकसाहेब अर्धा मिनिट थांबले तरी लोकांना वाटतं, पुढचं विसरले. अशा घरातली मी, शाळेतली नोकरी संपवून घरी बसलेले, तर सिस्टरांचं बोलावणं आलं. म्हणाल्या, "आम्हाला एक बोलणारं माणूस पाहिजे." गॅसवाला येतो, दूधवाला येतो, फोन वाजतो, वायरमन येतो, सगळं घर मौनात असताना त्यांच्याशी बोलायचं कोणी? ज्या गुणाबद्दल माझ्या नवऱ्यानं जन्मभर मला टोमणे मारले, त्या गुणाचा मला पगार सुरू झाला.

मौन म्हणजे जीभ बांधून बसणं, असं मला वाटत होतं. सिस्टरांनी ते पहिल्याच दिवशी खोडून काढलं. जिभेचं मौन सगळ्यांत सोपं, ते चौथीतलं पोरही पाळेल, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर हाताचं मौन. म्हणजे दार, भांडं, पुस्तक आवाज न करता ठेवायचं. मग पायाचं. आणि सगळ्यांत अवघड ते नजरेचं. रिट्रीटमध्ये कोणी कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. बघितलं की डोळे बोलायला लागतात, विचारपूस सुरू होते, आणि समोरचं माणूस देवाकडून उठून तुमच्याकडे येतं. म्हणून सगळ्यांनी नजर खाली ठेवायची, समोरच्याच्या छातीवरच्या क्रुसाच्या वर न्यायची नाही. मला हे फार विचित्र वाटायचं. आठ दिवस शेजारी बसून जेवायचं आणि शेजारणीचं तोंड बघायचं नाही, हा कुठला धर्म? मी तसं त्यांना म्हणालेसुद्धा. "बाई, तुम्हाला सूट आहे, तुम्ही सगळ्यांची तोंडं बघा," त्या म्हणाल्या.

आलेल्या माणसांचे मोबाईल त्या एका जुन्या पाच लिटरच्या कुकरमध्ये ठेवायच्या. शिट्टी काढलेली, झाकण घट्ट लावलेलं, आणि कुकर माझ्या टेबलाखाली. खिशात तेलाची छोटी बाटली कायम असायची, कुठलं दार कुरकुरलं की तिथंच उभ्या राहून बिजागरीत दोन थेंब. शेजारच्या वस्तीवरची एक कोंबडी अंडं घालायला आमच्याच ओट्यावर यायची आणि मग गावभर सांगत सुटायची. सिस्टरांनी ती मालकिणीकडून विकत घेतली. मला वाटलं, आता रविवारी रस्सा. कसलं काय. तिला पिशवीत घालून त्या स्वतः एसटीनं पाथर्डीला गेल्या आणि ओळखीच्या एका बाईला देऊन आल्या.

पण गंमत अशी की बाहेरच्या आवाजाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. गावात सप्ताह बसायचा, कर्ण्याचं तोंड बरोबर आमच्या चॅपलकडे, म्हणजे प्रार्थनेच्या खोलीकडे असायचं. लग्नसराईत डीजेनं खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. आलेल्या सिस्टर कळवळून चिठ्ठ्या लिहायच्या, काहीतरी करा म्हणून. या म्हणायच्या, "तो त्यांचा आवाज आहे. आपण आपला सांभाळायचा." दूधवाला एकदा मला फाटकाशी म्हणाला, "बाई, मुकी सिस्टर लई भारी बाई हाय. आमच्या डीजेला पोलीसबी वैतागतात, पर ह्या बाईनं कदी नाव काढलं न्हाई." आत येऊन मी ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मी डीजेच्याच घरातली आहे, बाई. त्या वेळी त्याला डीजे म्हणत नव्हते, एवढंच."

त्यांचं माहेर जामखेडकडचं. वडील सनई वाजवायचे, चुलते संबळ, भाऊ पुढे बँडमध्ये क्लॅरिनेट. घर ख्रिस्ती झालं तरी वाजवणं सुटलं नव्हतं; लग्नाला, उरुसाला आणि मातेच्या मिरवणुकीलाही तीच माणसं वाजवायची. दोन खोल्यांत दहा-बारा जणं. "झोपेतसुद्धा कोणीतरी ठेका धरायचं," त्या सांगायच्या. सिस्टर व्हायला पुण्याला गेल्या आणि पहिल्याच दुपारी जेवणानंतर घर असं शांत झालं की त्यांना वाटलं, आपण मेलो की काय. मग त्यांना स्वतःचा श्वास ऐकू आला. "त्यानंतर आई आठवायची, बाई. घर नाही आठवलं कधी," असं त्या म्हणाल्या, आणि हे बोलून गेल्याचं त्यांना आवडलं नाही, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

त्यांचा एक नियम मात्र त्यांच्या बाकीच्या सगळ्या नियमांच्या विरुद्ध होता. मी रुजू झाले त्याच दिवशी त्यांनी मला तो तीनदा सांगितला. रिट्रीट चालू असताना कोणाच्या घरून आजाराचा किंवा मरणाचा फोन आला तर एक क्षण थांबायचं नाही. प्रार्थना चालू असो, फादरांची मोठी उपासना म्हणजे मिस्सा चालू असो, आत यायचं आणि मोठ्यानं सांगायचं. मी म्हटलं, "चिठ्ठी देते हळूच." "चिठ्ठी नाही. मोठ्यानं," त्या म्हणाल्या.

एकदा तसा फोन आला. एका तरुण सिस्टरच्या वडिलांना राहात्याजवळ ट्रॅक्टरची धडक बसली होती. मी चॅपलच्या दारात जाऊन उभी राहिले, पण खरं सांगते, त्या शांततेत माझ्यासारखीचीही जीभ उचलेना. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. उठल्या आणि त्या मुलीचं नाव घेऊन अशा ओरडल्या की ओट्यावरची कबुतरं उडाली. तिला हाताला धरून पळत फाटकाशी जीपपर्यंत नेलं, चपला फटाफट वाजत होत्या, दार धाडकन आपटलं. ती पोरगी पोहोचली तेव्हा वडील शुद्धीवर होते. बापलेकीची भेट झाली.

ती जीप गेल्यावर सिस्टर स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि रिट्रीट चालू असताना माझ्याशी बोलल्या. तसं आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. त्या नोव्हिस असताना, म्हणजे सिस्टर होण्याचं शिक्षण चालू असताना, महिनाभराचं मोठं मौन पाळावं लागे. त्या महिन्यात त्यांची आई आजारी पडली आणि गेली. घरून निरोप आला होता. त्या वेळच्या मदरनी तो यांना सांगितला नाही. महिना संपला, मौन सुटलं म्हणून सगळ्यांना लाडू वाटले, आणि लाडू खाऊन झाल्यावर यांना बोलावून सांगितलं. या घरी गेल्या तेव्हा मातीसुद्धा सुकली होती. भाऊ दारात बसला होता. "सुटलं का मौन?" एवढंच तो म्हणाला आणि उठून आत गेला. त्यानंतर तो बहिणीशी बोलला नाही. लग्नाला बोलावलं नाही, पोरांची नावं कळवली नाहीत.

"त्याला वाटतं, निरोप मिळूनही मी आले नाही," सिस्टर म्हणाल्या.

मी म्हटलं, "मग सांगून टाकायचं ना, मला कळवलं नव्हतं म्हणून."

"म्हणजे मदरनी चूक केली, असं सांगायचं. मी आज्ञापालनाची शपथ घेतली आहे." मग त्या म्हणाल्या, "त्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं असेल." हे वाक्य त्या आयुष्यभर स्वतःला सांगत आल्या असाव्यात, कारण म्हणताना ते त्यांना जराही जड गेलं नाही.

त्या मदर मागच्या वर्षी वारल्या. नव्वदीच्या पुढं होत्या. त्यानंतर महिन्याभरात जामखेडहून भाच्याचा फोन आला. मीच घेतला. "दादांना आत्याला भेटायचंय. रिट्रीट हाय म्हनं तुमच्याकडं. ती झाली की रविवारी आनतो." मी आत जाऊन सांगितलं तेव्हा सिस्टर भाजी निवडत होत्या. मेथीची जुडी हातात तशीच राहिली.

पुढचे दोन दिवस त्या बाईनं मला छळलं. एकच वाक्य तयार करायचं होतं, पण ते जमेना. भांडी घासताना माझ्याजवळ येऊन उभ्या राहायच्या. "दादा, मला कळवलं नव्हतं. असं म्हणू, की दादा, मला कोणी सांगितलं नव्हतं, असं? 'कोणी' म्हटलं की त्या मदरवर येतं." मी वैतागून म्हटलं, "फोन लावून देते. आत्ता बोला आणि मोकळ्या व्हा." त्यांनी मान हलवली. "फोनवर नको. उद्यापासून मौन आहे. ते सुटलं की समोरासमोर बोलते. इतकी वर्षं गेली, आठ दिवसांनी काय होतंय?"

रिट्रीटच्या पाचव्या दिवशी सकाळपासून माझी गॅसवाल्याशी हुज्जत चालली होती. गाडी तिसगावातच बंद पडलेली, आणि तीसेक माणसांचा स्वयंपाक चुलीवर. त्यामुळं मी दुपारपर्यंत मागच्या अंगणातून हलले नाही. पुढं जे कळलं ते असं. सकाळच्या मिस्सानंतर सगळ्या उठून गेल्या, सिस्टर बाकावरच बसून राहिल्या. जेवताना त्यांच्या हातातून चमचा पडला. त्या घरात चमचा पडणं म्हणजे केवढी गोष्ट, पण सगळ्यांनी नजर आणखी खाली घातली. त्यांनी तो उचलला नाही. एका सिस्टरला त्यांच्या गालावरून पाणी ओघळताना ओझरतं दिसलं, तिला वाटलं, कृपेचे अश्रू आहेत. दुसरीला त्या भिंतीला धरून चालताना दिसल्या, तिला वाटलं, ध्यानात आहेत. ती मला रडत म्हणाली, "आम्हाला त्यांचा हेवा वाटला हो, टीचर." खोटं बोलत नव्हती ती.

चहाच्या वेळी मी कप घेऊन गेले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, कारण मला सूट होती. उजवी बाजू खाली ओघळली होती. ओठ एकीकडे, डोळा अर्धा मिटलेला. मी हाक मारली. त्यांनी तोंड उघडलं, आतून नुसता घोगरा आवाज आला. सकाळपासून ती बाई बोलायला बघत होती, आणि भोवतीच्या तीस बायका तिची शांतता मोडू नये म्हणून जपून पावलं टाकत होत्या. मी किंचाळले. त्या घरात तसं कोणी किंचाळलं नसेल.

नगरला नेलं. सरकारनं नाव बदललं तरी आमच्या तोंडी नगरच. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, हे कधी झालं? सकाळी, आम्ही म्हटलं. सकाळीच आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, म्हणाले. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. दोन दिवसांनी एक शब्द परत आला. 'हो.' पाणी पाहिजे? हो. नको का? हो. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मेंदूचा बोलण्याचा भाग गेला की एखादाच शब्द शिल्लक राहतो, काही विचारलं तरी तोच बाहेर पडतो. मानेचंही तसंच, मान होकारार्थीच हलायची. आत किती कळतंय, ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

रविवारी भाऊ तिथंच आला. उंच, वाळलेला माणूस, पांढरी टोपी, गालावर क्लॅरिनेट फुंकून पडलेल्या खोल घड्या. सिस्टरांच्या संस्थेच्या हल्लीच्या प्रमुख, पुण्याहून आलेल्या मोठ्या मदर बाहेर बाकावर बसल्या होत्या, त्यांच्याकडे त्यानं बघितलंही नाही. पलंगाशी येऊन तो उभा राहिला. सिस्टरांनी त्याला पाहिलं आणि त्यांचा डावा हात चादरीवर नुसता फडफडायला लागला. तोंड उघडायचं, मिटायचं. काय म्हणायचंय, ते मला पाठ होतं. मी सगळा धीर एकवटून म्हटलं, "दादा, त्यांना तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, की आईच्या वेळी त्यांना कळवलं नव्हतं. निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता."

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला.

मला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले.

"बाई, निरोप कुनी दिला हुता? मीच गेल्तो की पुन्याला. आई जित्ती हुती तवा. पोरीला आना म्हनत हुती सारखी. फाटकाशी उभा ऱ्हायलो. मदर म्हनली, पोरी मौनात हायेत, निरोप आत जात न्हाई. म्या म्हनलं, आई मरायलीय. तर म्हनली, तुमच्या आईसाठी आमी समद्या प्रार्थना करू." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "मला तिचा राग कदीच न्हवता त्यासाटी. तिला काय ठावं बिचारीला?"

सिस्टरांचा हात थांबला होता. भाऊ फाटकापर्यंत आला होता, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या एकटक त्याच्याकडे बघत होत्या.

"राग येगळ्याचा हाय," तो म्हणाला, आता त्यांच्याकडे वळून. "तुला समदं कळलं. घरी आलीस. आईची माती बघितलीस. आन् चार रोजानं परत त्याच फाटकातनं आत गेलीस. त्याच बाईच्या हाताखाली. का गेलीस? तेवढंच इचारायला आलोय. म्हातारा झालो, एवढं कळू दे."

"हो," सिस्टर म्हणाल्या.

"का गेलीस गं?"

"हो. हो. हो."

डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, उजव्याही. मला त्याच्या प्रश्नाचं उत्तर निम्मं ठाऊक होतं. आई आठवायची, घर नाही, हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. ते माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. काही खरं असलं तरी ते ज्याचं त्यानंच सांगायचं असतं, आणि ज्यांनी सांगायचं त्यांच्याजवळ आता एकच शब्द होता.

त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग वाकून, लहान पोराला विचारावं तसं त्यानं विचारलं, "घरी येतीस का माझ्याकडं?"

"हो."

त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तो बाहेर जाऊन मोठ्या मदरना म्हणाला, "ती येते म्हनली." मदर चांगल्या बाई होत्या, सौम्य बोलणाऱ्या. त्यांनी पुण्याच्या घराबद्दल सांगितलं. म्हाताऱ्या, आजारी सिस्टरांसाठी वेगळं घर आहे, झाडी आहे, नर्स आहेत, अगदी शांत. घरी पाठवायची परवानगी देता येईल, पण सिस्टरची स्वतःची इच्छा हवी. मग त्या माझ्याकडे वळल्या. "टीचर, तुम्ही तिला जास्त ओळखता. ती खरंच हो म्हणाली का?"

जामखेडचं घर मला डोळ्यांपुढं दिसत होतं. सकाळ-संध्याकाळ बँडची तालीम, नातवंडं, टीव्ही, ढोल ताणण्याचा आवाज. आणि पुण्याचं घरही दिसत होतं. नजर खाली घालून हलक्या पावलांनी ये-जा करणाऱ्या बायका, आणि मध्ये खाटेवर ही. मला त्या खाली घातलेल्या नजरांचा संताप आला. निदान त्या गोंगाटात येताजाता कोणीतरी हिच्या तोंडाकडे बघेल.

"हो," मी म्हणाले. "म्हणाल्या खऱ्या."

चार दिवसांनी भाच्यानं जीप आणली. मागच्या सीटवर गादी घातली होती. दोन नातवंडं आधीच आत बसून आत्याआजी, आत्याआजी म्हणून ओरडत होती. सिस्टरांना उचलून ठेवलं. भाऊ उशाशी बसला. मी दारातून वाकले, त्यांच्या तोंडाशी तोंड नेलं आणि विचारलं, "सिस्टर, मी बरोबर केलं ना?"

"हो," त्या म्हणाल्या.